माइक चालू आहे

विरेशच्या मामांनी पिक्चरला चाळीस हजार दिले
आणि एकच अट घातली :
दर सीनमध्ये कारखान्याचा टॉवेल दिसला पाहिजे.
म्हणून आमच्या पिक्चरमधली माणसं
जरा जास्तच घाम पुसतात.

मी आवाजवाला.
फरशी पुसायच्या दांडीला माइक बांधून
दोघांच्या डोक्यावर धरायचा,
सावली पडू द्यायची नाही, खोकायचं नाही.
एरवी होटगी रोडला पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो.

गोष्ट अशी, की तो आणि ती ॲपवर भेटतात.
पाच किलोमीटरच्या आत एकूण एकोणचाळीस जण,
त्यात एक तिचा चुलतभाऊ,
एक त्याचे दहावीचे गणिताचे सर (फोटो जुना).
अंतर वाढवत नेलं तर तुळजापूर लागतं.
मग ते भेटतात, आणि 'आपण नक्की काय आहोत?'
हा प्रश्न एक तास दहा मिनिटं चालतो.
मी विरेशला विचारलं, उत्तर कधी येतंय?
म्हणाला, आजकाल येत नसतंय बे.

हिरो प्रज्योत, जिममधला.
हिरॉइन लावण्या बिंगी,
अशोक चौकात दातांच्या दवाखान्यात नंबर लावून देते,
'पुढचे या' इतकं सुरेख म्हणते
की दाढ काढायला आलेला माणूस हसत आत जातो.

लोकांना वाटतं प्रेम डोळ्यांत दिसतं.
मला विचारा. मला पोटातली गुरगुर ऐकू येते,
हिरोने गालात धरलेली वेलची,
तिचा टेकच्या आधीचा श्वास.
आणि 'कट' म्हटल्यावर माणसं खरं बोलतात,
माझं बटण तेव्हा चालूच असतं.

"माझी डावी बाजू बरी दिसते ना?"
"तुझ्या दोन्ही बाजू सारख्याच आहेत रे."
तो आरसा शोधायला गेला.
ती हळूच म्हणाली, समोर कोणी नसताना,
"वरच्याला ऐकू जातंय ना?
हात भरून आले असतील तर दांडी ठेव खाली."

पुढच्या टेकला
पहिल्यांदा माझी सावली पडली.

कंबर तलावावर शेवटचा सीन होता, निरोपाचा.
ऊन बरोबर, टॉवेल बरोबर,
प्रज्योतच्या डोळ्यांत ग्लिसरीन बरोबर,
आणि तिच्या आईचा फोन :
"नीळ्ळु वच्चिनय!"
पाच दिवसांनी पाणी आलं होतं.
निरोप राहिला. अर्धं युनिट आपापल्या घरी पळालं,
विरेशसुद्धा.
तिच्या स्कूटीला स्टार्टर लागेना, म्हणून मी सोडलं.
सोडलं म्हणजे, आत गेलो. बॅरल उचलायला कोणीतरी हवं होतं.

दोन बॅरल, सहा घागरी, एक कुकर.
चाळीत सगळ्यांच्या मोटारी एकदम लागल्या होत्या.
तिसऱ्या बॅरलला तिने पदराआडून, म्हणजे ओढणीच,
डायलॉग मारला :
"आपण नक्की काय आहोत?"
मी म्हटलं, पाइप धर, बाहेर चाललंय.

रेकॉर्डर खिशात होता. बंद करायचा राहिला.

पिक्चर आम्ही एका मागाच्या शेडमध्ये दाखवला.
पडद्याला कोरी पांढरी चादर
अख्ख्या सोलापुरात त्या रात्री मिळेना.
जी मिळाली तिच्यावर मोर होते.
प्रज्योतच्या गालावर मोर, निरोपावर मोर.
मामांनी टॉवेल मोजले, एकवीस, खूश झाले.

तलावाच्या सीनला मागची बाई म्हणाली,
लाटांचा आवाज किती छान घेतलाय!
कंबर तलावाला लाटा नसतात हो.
तो बिंगींचा तिसरा बॅरल आहे.
नीट ऐकलं तर त्याच्याखाली आई विचारते,
"ई पिल्लाडु एवरु?"
आणि लावण्या सांगते, "फिल्टरवाला."
आणि मग दीड सेकंद कोणीच काही बोलत नाही,
फक्त भरत आलेल्या पाण्याचा सूर वर चढतो.

विरेश म्हणाला, हे दीड सेकंद रिकामं वाटतंय, उडवू का?
मी म्हटलं, नको.
मागं टॉवेल दिसतोय.