पंधरा अक्षरं

रबाळ्याच्या गाळ्यात आज लेथ बंद.
एक तारखेपासून बिल आधी सरकारकडे जाणार,
मग गिऱ्हाइकाकडे.
म्हणून मी यादी धुवायला काढलीय.

वहीत लिहिलंय: चष्मेवाला, दिघा.
पॉलिशवाल्याचा मेव्हणा.
खाडीपलीकडचा, उधार देऊ नये,
आणि खाली त्याचीच अकरा वर्षांची उधारी.

पोर्टल विचारतं नाव, पिनकोड, पंधरा अक्षरं.
मेव्हणा त्यात बसत नाही.

फोन लावत बसले.
एकीने आकडे सांगितले, मागे कुकरची शिट्टी.
एक म्हणाला, नंबर कधीच रद्द झाला, ताई,
धंदाच कुठं राहिलाय.
चष्मेवाल्याच्या सुनेनं उचलला:
ते गेले, दिवाळीच्या आधी.
मी रकाना रिकामा सोडला. तो लाल झाला.

मढवी शेठ चाचणीचं बिल काढतात:
पितळी बुश, नग दोनशे, आठ चार आठ तीन.
चौसष्ट अक्षरांचा क्रमांक उमटतो
आणि शेजारी चौकोनात कोंडलेल्या मुंग्या.
"चुकलं तर?"
चोवीस तासांत रद्द करायचं. नंतर नाही.
शेठ चष्मा पुसतात.
"मार्चात आम्ही एक पान कोरं ठेवायचो,
मागच्या तारखेसाठी."

सात वाजता एकशे बारा नावं हिरवी, नऊ लाल.
आठ मी काढून टाकली.
चष्मेवाल्याचं राहू दिलं.
त्याचे साडेचार हजार आगाऊ जमा आहेत, शेठ,
माल गेलेलाच नाही.
हे कुठल्या रकान्यात घालू?

शेठ बराच वेळ स्क्रीनकडे बघतात.
मग विचारतात,
साइज काय होती?