कमरेएवढी जमीन

मला वाकता येत नाही.
म्हणजे येतं, पण मग छातीत
कुणी पोतं फरफटत नेल्यासारखा आवाज होतो
आणि माकोपानो चुलीपुढून वळून बघते.
तिनं बघू नये म्हणून मी वाकत नाही.

एकवीस वर्षं मी जमिनीखाली होतो,
सरहद्दीपलीकडे, वेल्कोमच्या सोन्यात.
सोनं फारसं दिसलं नाही. धूळ दिसली.
ती अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा ठरलं, जमीनच वर आणायची.
दगड आम्ही वाहिले. आम्ही म्हणजे पोरांनी.
मी नुसता हात करायचो:
हा इथे, तो नको, तो घरंगळेल.
गोल भिंत उभी राहिली, माझ्या कमरेपर्यंत,
आडवा झालो तर डोकं आणि टाचा
दोन्हीकडे टेकतील एवढी रुंद.
एका बाजूला खाच, एकच माणूस आत शिरेल अशी,
मधोमध काटक्यागवताचा उभा पिंजरा,
त्यात भांडी धुतलेलं पाणी, साली, चहाचा चोथा.

तळाशी काय गेलं ते ऐका.
माशांचे गंजके डबे, चौदा.
मेंढीची हाडं.
माझा खाणीतला बूट, डावा
(उजवा कुत्र्यानं केव्हाच नेला).
वर शेण, राख, वाळकं गवत, पुन्हा राख,
आणि सगळ्यांवर ओढ्याकडची काळी माती,
पाटीपाटीला भांडून आणलेली.

मोलेफी घोंगडं सावरत बघायला आला.
म्हणाला, हे थडगंच की, फक्त गोल.
म्हणाला, बायकांची कामं.
म्हणाला, आणि खाणारी तोंडं सात!
माझी तीन, भावाची दोन, आम्ही दोघं.
भाऊ अजून खालीच आहे, सोळाव्या टप्प्यावर.
त्याला आम्ही पुरला नाही.
तो आधीच पुरलेला होता.

त्या रात्री माकोपानोनं विचारलं,
एवढंसं पुरेल?
मी म्हटलं, पुरलंय तेवढं पुरेल.
ती हसली नाही. दिवा बारीक केला.

पहिल्या तोडणीला अकरा पानं. पालकाची.
तिनं ती इतकी बारीक चिरली
की पापाच्या पांढऱ्या गोळ्याशेजारी
प्रत्येकाला हिरवं दिसलं तरी.
तिचा नियम एकच:
बाहेरचं पान आपलं, पोटातलं पान झाडाचं.
पोरांना मारापेक्षा त्या पोटातल्या पानाची भीती.

मग जानेवारीत गारा.
पलीकडच्या डोंगरावर पांढरा पडदा दिसला,
मी ओरडेपर्यंत दारात पोचला होता.
तेबेलो, भावाचा धाकटा, बोलत नाही फारसा,
माझं लग्नातलं घोंगडं उचलून धावला,
वाफ्यावर टाकलं,
आणि स्वतः त्यावर पालथा पडला,
डोक्यावर कपडे धुवायची परात.
अख्खी वाडी तो परातीचा आवाज ऐकत होती.
मला दारातून हलता आलं नाही.
पाठीवर वळ उठले पोराच्या.
बीट वाचलं, गाजर वाचलं,
कांद्याच्या पाती मात्र सगळ्या माना टाकून.

मोलेफीचं सगळं गेलं होतं.
त्याची बायको मीठ मागायला आली,
मीठ तिच्याकडे असतं, सगळ्यांना ठाऊक.
माकोपानोनं मीठ दिलं,
आणि मिठावर झाकायला म्हणून
चार पानं, मोठी.

हिवाळ्यात डोंगर बर्फानं बुजले तरी
भिंतीचे दगड दुपारची ऊब धरून असतात.
मी तिथेच टेकून उभा राहतो,
सरळ, न वाकता,
हात कोपरापर्यंत मातीत,
गाजराचा खांदा चाचपत.
असं जमिनीत हात घालणं मला माहीत नव्हतं,
जिच्यावर आभाळ आहे अशा जमिनीत.

पुरतं का? कधी पुरतं.
ऑगस्टमध्ये पुरत नाही.
तेव्हा मक्यालाच मका लावून खातो
आणि रोपांच्या पोटातल्या पानांकडे
कुणीही बघत नाही.

परवा जेवताना लिपुओनं विचारलं,
तुमचा डावा बूट आता कुठे असेल?
मी तिच्या ताटाकडे बोट दाखवलं.
ती चावायची थांबली.
बराच वेळ पानाकडे पाहिलं.
मग पुन्हा चावू लागली.