तेविसावा कागद

ब्रनोच्या बाहेर, आलुबुखारच्या बागेपलीकडचा दवाखाना.
साल चौसष्ट. माझं काम साधं होतं:
दर वीस मिनिटांनी नाडी मोजायची,
कागदामागे वेळ लिहायची
आणि मध्ये बोलायचं नाही.

ओताकार कारखान्यात पंपाच्या झडपांचे आराखडे काढायचा,
वीस वर्षं, पट्टीच्या धाकात.
अर्ज भरताना म्हणाला होता,
"मोकळी रेघ काढायची म्हटलं की
भर रस्ता ओलांडल्यासारखं होतं मला.
हात धरायला कुणीतरी लागतं."

डॉक्टर शिमानेकनी हात धरला:
एनॅमलच्या मगात कोमट पाणी,
काचेच्या कुपीतले शंभर मायक्रोग्रॅम.
आठ वाजून दहा मिनिटं.

नऊपर्यंत काहीच नाही.
तो पेन्सिलींना टोकं करत राहिला, पाचही.
साडेनऊला त्याला स्वतःचा अंगठा दिसला.
म्हणजे बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.
इतक्या अदबीनं बोलला तो अंगठ्याशी
की मी घड्याळ विसरले.
वहीत तशी नोंद आहे: "नाडी राहिली."

मग रेघ निघाली.
कागदावरून उतरली, टेबलावर आली,
कडेशी येऊन थबकली,
खाली डोकावली असावी,
आणि माझ्या बाहीवर चढली.
मनगट. मग कोपर.

"अडवू नका," डॉक्टर कुजबुजले.
मी कशाला अडवते?
लग्न झाल्यापासून माझ्या कोपरापर्यंत
इतक्या सावकाश कुणी आलं नव्हतं.

दुपारी बिटाचं सूप आलं.
त्यानं ते बराच वेळ नुसतं पाहिलं.
"हे कुणीतरी आधीच काढून ठेवलंय," म्हणाला,
आणि प्यायलाच नाही.

बावीस कागद झाले.
खरं सांगते, बहुतेक गिचमिड.
दोनांवर तर नुसती भोकं.
त्याला वाटलं होतं, एकदा दार उघडलं
की आत चित्रं रांगेनं उभी असतील,
ओल्या रंगाची, सही तेवढी बाकी.
आत होता फक्त त्याचा हात,
गांगरलेला,
पट्टीवाचून पहिल्यांदाच घरी एकटा.

आणि मी? माझ्या गुडघ्यावर वही,
वहीवर एक सुटा कागद, नऊ तास.
डोळ्यात तेल घालून मी त्याच्याकडे पाहत होते,
आणि खाली पेन्सिल आपली चालत होती,
रात्री दिवा न लावता माणूस
आपल्याच घरात पाणी प्यायला उठतो, तशी.
कुठे वळली, कशाला अडखळली,
मी पाहिलंही नाही.

संध्याकाळी आवरताना माझा कागद त्याच्यात गेला.

गुरुवारी सगळे भिंतीवर लागले.
प्रागहून दोन पाहुणे आलेले.
तेविसाव्यापाशी तिघेही थांबले.
"इथे," शिमानेक हळूच म्हणाले, "इथे पहारेकरी झोपलाय.
इथे औषध बोलतंय."

मी कॉफी देत होते.
मी काय घेतलं होतं त्या दिवशी?
चिकोरीची कॉफी, दोन कप.
खसखशीच्या केकचा तुकडा, शिळा.

ओताकारनं कागद पाहिला.
मग मला. मग माझी बाही,
तीनदा उकळून आलेली, पांढरीशुभ्र.
अळीमिळी गुपचिळी.

औषधाला मी नावं ठेवत नाही.
पुढे मार्चमध्ये तो एक आराखडा घेऊन आला,
झडप क्रमांक अमुक, मापं बिनचूक,
आणि कोपऱ्यात, शिक्का मारतात तिथे,
वेलीसारखं काहीतरी उगवलेलं.
साहेबांच्या नजरेला पडलं नव्हतं.
"मी काढलं नाही," तो म्हणाला,
"मी फक्त पट्टी उचलली."
शंभर मायक्रोग्रॅम लागले त्याला
पट्टी उचलायला.
काहींना तेवढे लागतात.

आता मी ऐंशी ओलांडली.
फोन वाजला की आधी पेन्सिल शोधते,
पाकिटं, बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या,
सगळ्यांच्या पाठी भरल्यात.
पलीकडून मुलगी विचारते, आई, ऐकतेयस ना?
ऐकतेय. हात चाललाय म्हणजे ऐकतेय.

मग कधीतरी चष्मा सापडतो,
मी खाली बघते,
आणि हात थांबतो.