पुनरुक्ती

खडतरे बाड घेऊन येतात सायकलवरून,
कात्रजहून अप्पा बळवंत चौकात,
पॉलिथिनमध्ये चारी कोपरे दुमडून.
'दलातली सवय,' म्हणतात. तेवढंच म्हणतात.

अकरा कादंबऱ्यांची मुद्रितं तपासली मी त्यांची.
खुनी कधी सराफ, कधी भाडेकरू, एकदा तर पोस्टमन;
शेवटच्या फॉर्मात सापडतोच.
ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानोपानी.
गोळी कुठून शिरली, कुठून निघाली,
यात मात्र एकही नाही.

आणि दर पुस्तकात कुणाला तरी
दिसते एक निळी चप्पल.
लहान. डाव्या पायाची.
कथानकाशी तिचा काही संबंध नसतो.

बाराव्या खेपेला मी पेन्सिलीने समासात लिहिलं:
पुनरुक्ती. गाळू का?

त्यांनी चहा बशीत ओतला. प्यायले नाहीत.
'दुसरी शोधली होती मी,' म्हणाले,
'उजाडेपर्यंत, त्या पाड्यावर.
मग ट्रक आला आमचा.'

खाली जूनची झुंबड,
कुणी चौथीचं गणित मागत होतं,
कुणी डझनभर वह्या.

ते गेल्यावर जुनी मुद्रितं काढून बसले.
बाराही ठिकाणी
नि ऱ्हस्व, ळी दीर्घ.
तिथे कधीच चुकले नव्हते.

खोडरबर सापडेना,
बोटानेच पुसलं.