शेरा

यादी एकच आहे.
एकशे चौऱ्याऐंशी डबे,
बाजवाड्यातल्या एका जिन्याखालून निघणारे.
गेल्या दिवाळीत मी त्या यादीला एक बटण लावून दिलं,
'एक्सेलमध्ये उतरवा'.
दाबलं की सगळंच खाली यायचं,
सत्तावीस रकाने, गच्चीभर वाळवण घातल्यासारखे.

मालूताई खानविलकरांचा फोन आला.
"एवढं काय करू मी?
मीठ कुणाला चालत नाही ते सांग. आणि कांदा.
नावं नसली तरी चालतील.
पातेल्याला नावं कळत नाहीत."

भूपतभाईंना नाव हवं, मजला हवा,
घंटा वाजते का कडी वाजवायची ते हवं,
आणि कुत्रा: आहे की नाही, एवढंच.
आधी कारेलीबाग, मग फतेगंज, शेवटी निझामपुरा,
अकारविल्हे नको.
"ककावारीनुं शुं करुं, भाई?
पेट्रोल तो मारुं बळे छे."

नलावडे फक्त रक्कम मागतात.
बाकी उजवीकडे. लाल.
त्यांना माणसं डाव्या बाजूलाही नको असतात.

तीन रात्री बसलो.
प्रत्येक रकान्याला एक चौकट, खूण करा, खूण काढा;
धरून वर ओढा, खाली सोडा;
आणि मांडणी मनासारखी झाली की
नाव देऊन जपून ठेवा.
मी नमुन्यादाखल 'मांडणी १' लिहून ठेवलं होतं.
त्यांनी नावं दिली: चूल. स्कूटर. वही.

पहिल्याच दिवशी सगळी मराठी विस्कटली.
"कावळा शाईत पाय बुडवून चालून गेलाय रे,"
मालूताई म्हणाल्या.
मग मी फायलीच्या माथ्यावर तीन बाइट ठेवले,
जुन्या कागदावर आधी श्री काढायचे तसे.
दिसत नाहीत,
पण ते नसले तर पुढचं लागत नाही.

मग निझामपुऱ्यातला ३/४ नंबरचा गाळा
तीन एप्रिल झाला.
भूपतभाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं,
तोपर्यंत डबा गरम कसा ठेवायचा.

तेही निस्तरलं. पैसे मिळाले.
मग एका दुपारी, भांड्यांच्या आवाजातून:
"बंद झालेले कुठे गेले?"
मी म्हणालो, त्यांना गाळलंय,
त्यांचा डबा नाही ना आता.
"डबा नाही.
शेरा आहे."

एक चौकट वाढवली. 'बंद ग्राहकही दाखवा'.
काम पाच मिनिटांचं.

मांडणीला नाव देणं मी सक्तीचं केलं होतं.
त्यांनी एक टिंब दिलं.

महिनाअखेरीला ती टिंबाची फाईल उतरते,
रात्री साडेदहाच्या पुढे, चूल विझल्यावर.
एकदा तपासायला म्हणून मी उघडली.
दोनच रकाने. नाव. शेरा.

वसतिगृह, खोली ३१: परीक्षा आहे. ताक जास्त.
खोली ३१: पास. बंद.
बारोटबेन: दोन डबे घेतात, एक भरलेला परत येतो.
विचारू नये.
बारोटबेन: आता एकच.
घैसास सर: भात मऊ. पोळीचे तुकडे करून.
घैसास सर: तुकडे आणखी लहान.
घैसास सर: मुलगा घेऊन गेला. डबा घासून दिला,
आत एक लिंबू होतं आणि

इथे मजकूर कापला होता.
रकाना अरुंद ठेवला होता मी,
शेऱ्यात कुणी किती लिहिणार,
असा अंदाज करून.

रुंदी वाढवली.
ओळी गुंडाळून खाली येऊ दिल्या.
पुढचं वाचलं नाही, फाईल मिटली,
आणि बदलांच्या नोंदीत लिहिलं:
किरकोळ दुरुस्ती.
बिल नाही.