दोन पोटांचा ल

सर्जेकोटच्या सोसायटीत माझ्या टेबलावर
एक संगणक आहे, डिझेलच्या परताव्यापुरता.
मंगळवारी तो म्हणाला, जागा संपली.
मी फॉन्टचं फोल्डर उघडलं.
तीनशे बारा नावं,
पंगतीत आगंतुक बसावेत तशी.
ज्यांचा उच्चार जमेना ती आधी काढली,
मग ज्यांचा जमला तीही.
कचरापेटी लगेच रिकामी केली,
मासळी कापल्यावर ओटा धुवावा
तशी, हात न थांबवता.

संगणक पुन्हा सुरू झाला
आणि सगळीकडे चौकोन.
मेनूत चौकोन, तारखेत चौकोन,
'होय'च्या जागी चौकोन, 'नको'च्या जागीही तोच,
बिऱ्हाडं उठून जावीत
आणि खोल्या तेवढ्या उराव्यात.

बाकावर गुंडू कुबल बसले होते.
मान लांब करून त्यांनी पडदा पाहिला.
"काय झाला गे?"
"अक्षरं गेली, काका. नुसते डबे दिसतायत."
"माका रोजच असाच दिसता," म्हणाले
आणि तळहातावरची तंबाखू सारखी केली.

मी काही बोलले नाही.
सात वर्षं मी त्यांचे फॉर्म भरतेय.
सात वर्षं हा माणूस
डब्यांच्या या गावातून
कुठल्याच खडकाला न लागता ये-जा करतोय.

कणकवलीला यतीनला फोन लावला.
तो आधी हसला, मग सांगत गेला:
डावीकडून दुसरा, त्याच्या पोटात
खालून तिसरा, मग जरा थांब.
वाचायचं नव्हतंच काही.
रात्री बंदरात शिरताना
देवळाचा दिवा आणि माड एका रेषेत आले
की सुकाणू वळवतात,
तशी मी त्या आंधळ्या चौकोनावर दाबून बसले.
घड्याळातले आकडे आले.
मग 'फाईल', मग 'छापा'.
मराठी सगळ्यात शेवटी आली, ओशाळल्यासारखी.

कुबलांचा फॉर्म छापला, शाईचा पॅड पुढे केला.
अंगठा वरच थांबला.
"ह्या माझा नाव नाय."
"तुमचंच आहे, काका. गुंडू साबाजी कुबल."
"शेवटचा अक्षर बघ. माझ्याक दोन पोटां आसत.
ह्येका एकच, आणि बाजूक काठी.
होडयेर लवू पेंटरान काढलेला बघ जा."

मी चष्मा पुसला.
ल खरंच परमुलखातला होता.
चुकीचा नव्हे, त्याच्या गावी तो बरोबरच.
पण आमच्या पहिलीच्या फळ्यावरचा ल
दोन घागरींची कावड असतो,
आणि हे मला
वाचता न येणाऱ्या माणसाने दाखवलं.

ड्रॉवर उपसला. कुपनं, सुकलेली शाई,
एक गंजलेला गळ,
आणि तळाशी आधीच्या क्लार्क केळुसकर बाईंचा पेन ड्राइव्ह,
त्यावर चिकटपट्टी: 'अक्षरं आहेत. पुसू नये.'
कॉपी केलं, पेस्ट केलं.
बदलायचं का, त्याने विचारलं.
आता 'होय' वाचता येत होतं.
ल कावड घेऊन परतला,
ऱ्याचा तो आडवा पंखही आला,
नाहीतर वार्षिक अहवालात
दर्या आणि दऱ्या एकच झाले असते.

एक यादी मात्र अजून उघडत नाही.
संस्थापक सभासद, एक्केचाळीस जण,
कुठल्याशा जुन्या फॉन्टात टाइप केलेले.
तो पेन ड्राइव्हवरही नाही.
उघडलं की नुसती खवल्यांची रास.
साबाजी कुबल त्यातच कुठेतरी असणार.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

अंगठा उठला, निळा, भरघोस.
तरी ते जाईनात.
म्हणून मी ल मोठा केला, आणखी मोठा,
पडदाभर.
"होच," म्हणाले. बराच वेळ बघत राहिले.
बाहेर कोणीतरी रापणीला हाका घालत होतं.
"आणि ह्येच्या आदलो तो कोण?"

"ब," मी म्हणाले
आणि खुर्ची थोडी सरकवून त्यांना जागा दिली.