बी बाजू, तिसरं गाणं

मला कुणी विचारत नाही,
पण विचारलंच तर सांगेन:
त्या पाच जणांची दुसरी रेकॉर्ड लावा.
मुंबईहून करून आणलेली नव्हे.
ती चांगलीच आहे, पाण्याने भांग पाडून
फोटोला बसवलेल्या पोरासारखी.
जाणकार बोलतात ते तिच्यावरच,
तिच्याच प्रती जपतात प्लास्टिकात.

मी म्हणतो ती वास्कोची,
शहात्तरच्या मे महिन्यातली,
गोदीकामगारांच्या क्लबात एका रात्री धरलेली.
माइक दोनच. एक पंख्याच्या दांडीला बांधला,
म्हणून पंखे बंद. दीडशे माणसं,
कॉलरीत खनिजाची लाल धूळ, तोंडाला हुर्राकाचा वास,
आणि इनासियोची बोटं घामाने तारांवरून घसरतात.
ऐका, पहिल्याच गाण्यात दोनदा घसरतात.
दुसऱ्यांदा तो ते घसरणं लांबवतो,
जसं काही त्याला तिथेच जायचं होतं.

आता बी बाजू. तिसरं गाणं.
फिलू आंद्राद दुसरं कडवं उचलते
आणि फट्.

फ्यूज.

गिटार मेली. बास मेला.
ऑर्गन घसरत घसरत विहिरीत गेला.
रेकॉर्डर तेवढा जिवंत, कारण तो बॅटरीवरचा,
कुणा जर्मन खलाशाने उधारीपोटी सोडलेला.
तो अंधारात फिरत राहिला,
समोर येईल ते घेत राहिला.

पुंडलिक वळवईकर थांबला नाही.
दिवसा तो बार्जवर इंजिनाला तेल घालायचा,
यंत्र बंद पडलं म्हणून हात थांबवायची
त्याला सवयच नव्हती.
एकटा ड्रम. मग पाय,
आधी मागच्या बाकांवरचे, मग सगळ्यांचे,
फळ्यांच्या जमिनीवर.
फिलू माइकशिवाय गायला लागते
आणि दीडशे माणसं, कुणीही न सांगता,
पाय हलके करतात.

तेवढ्यात बंदरात एक बोट भोंगा देते.
लांब, जाड, कुठल्याच सुरात न बसणारा.
फिलू क्षणभर गप्प.
मग आपला सूर सोडून
ती बोटीच्या सुरावर जाऊन उभी राहते.

त्रेचाळीस सेकंद. मी मोजलीत.
मोजायचा मला हक्क आहे:
तेव्हा स्टेजखाली, दातात टॉर्च धरून,
फ्यूजची तार पिळणारा मीच, वय सतरा.
नीट ऐकलंत तर भोंगा विरता विरता
टॉर्च पडल्याचा आवाज, आणि मग एक शिवी.
कोंकणी, शुद्ध.
बोट भाजलं होतं.

मग उजेड. इनासियोचा हात पडतो,
पण अंधाराने त्याला जिथे सोडलं होतं तिथे नाही,
गाणं जिथवर पोचलंय तिथे, नेमका.
म्हणजे तो सगळा वेळ वाजवतच होता.
मेलेल्या तारांवर.
हे मला कळायला अकरा वर्षं लागली,
आणि कळलं तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढून
ती बाजू पुन्हा लावली.

तीनशे प्रती निघाल्या.
एका पेपरात दोन ओळी आल्या:
ध्वनिमुद्रण सदोष, प्रेक्षक बेशिस्त.
खरंच आहे. दोषांपैकी एक मी.
शंभरेक प्रतींची कव्हरं क्लबच्या कपाटात वाळवीने खाल्ली.
कव्हरवर माझं नाव नव्हतंच, तेव्हा
मी काही माझ्यासाठी भांडत नाही.
थोडा भांडतो.

फिलू लिस्बनला. पुंडलिक गेला.
इनासियो चिखलीला राहतो, आता ऐकू येत नाही त्याला.
रविवारी मी रेकॉर्ड घेऊन जातो.
तो स्पीकर टेबलावर आडवा ठेवायला लावतो,
दोन्ही तळवे लाकडावर टेकवतो, डोळे मिटतो.
ड्रम एकटा पडतो तेव्हा त्याची डावी बोटं
टेबलाच्या कडेवर हलू लागतात.
भोंग्याला तो मान किंचित वाकडी करतो.
आणि शिवीच्या जागी,
जी लाकडातून पोचणं शक्य नाही,
डोळे उघडून माझ्याकडे बघतो.